आधी वारा बघायचा

"ऑगस्ट होता म्हणून वाचलो," हे मामांचं वाक्य मी पंधरा वर्षं ऐकत आलोय. 7 ऑगस्ट 2010 च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रावर बाराशेहून जास्त कंटेनर होते. जहाज एका कुशीवर कललं, कंटेनर एकामागून एक पाण्यात घसरले आणि सुमारे 800 टन तेल समुद्रात सांडलं. घारापुरी, उरण, खाली अलिबागपर्यंत काळा थर पोचला. रोहित पक्षी तेव्हा इथं नव्हते. ते पावसाळा सरल्यावर येतात आणि मेपर्यंत राहतात. हेच जानेवारीत घडलं असतं तर शिवडीपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत चिखलावर हजारोंनी उभे असलेले ते गुलाबी पक्षी काळे झाले असते. मामांच्या वाक्यात हे सगळं येतं.

मामा तेव्हा वनरक्षक होते. वनपाल म्हणून निवृत्त झाले. माझी धाकटी बहीण पशुवैद्य आहे, वन्यप्राण्यांवरच काम करते. गेल्या महिन्यात ती कागद घेऊन उरणजवळच्या मोऱ्याला मामांकडे आली. किनाऱ्यावरच्या वनकर्मचाऱ्यांना तेल किंवा रसायन सांडल्यावर काय करायचं ते शिकवण्यासाठी तिनं तीन दिवसांचा अभ्यासक्रम तयार केला होता, आणि त्यावरून मामांची नजर फिरायला हवी होती. मामांच्या घरापासून चार पावलांवर धक्का आहे. तिथून जवाहर द्वीप दिसतं, त्याला लागलेली तेलाची जहाजं दिसतात. त्या दुपारी ओटीवर बसून दोघं तीन तास भांडली. मी चहा आणून देण्यापलीकडे फारसं काही केलं नाही.

मामांनी चष्मा लावून तिन्ही पानं वाचली. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"दुसरा दिवस, पक्षी पकडणं. तिसरा दिवस, पक्षी धुणं. बाय, हे धुणं काढून टाक. आमच्या पोरांना पक्षी धुवायला शिकवू नकोस."

"का?"

"कारण शिकवलंस की ते धुवायला आत जातील. मी गेलो होतो."

ही गोष्ट त्यांनी आम्हाला पूर्वी कधी सांगितली नव्हती. अपघातानंतर चार-पाच दिवसांनी ते आणि आणखी तिघं तिवरांत शिरले. एक बगळा अडकला होता, काठापासून वीस-पंचवीस पावलं आत. गुडघाभर चिखल आणि त्यावर तेलाची साय. पक्षी काढला, बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी फोटोही काढला. संध्याकाळी चौकीत रॉकेलचा बोळा करून त्याला पुसलं, मग नळाखाली धरलं. पहाटे तो मेला.

"तो मेला त्याचं दुःख आहेच," मामा म्हणाले. "पण मी रडलो ते नंतर. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी गेलो. आजूबाजूच्या चिखलावरचं तेल भरती-ओहोटीनं बरंचसं नेलं होतं. आमची पावलं पडली होती तेवढ्याच पट्ट्यात तिवरांची मुळं काळी पडून मेलेली. काठी खुपसली की पाण्यावर रंग यायचा. वीस-पंचवीस पावलं जायची, तेवढीच यायची, चार माणसं. एका बगळ्यासाठी आम्ही तेल जमिनीत पेरून आलो."

बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं मला समजावं म्हणून सांगितलं. तिवराची मुळं चिखलातून काड्यांसारखी वर येतात ती श्वास घेण्यासाठी. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात. त्यावर तेल बसलं की झाड गुदमरतं. पृष्ठभागावरचं तेल लाटा, ऊन आणि जीवाणू हळूहळू संपवतात, पण पायाखाली दाबलं गेलेलं तेल हवा नसलेल्या थरात जातं आणि तिथं वर्षानुवर्षं राहतं. म्हणून तेल लागलेल्या कांदळवनात माणसांची रांग घालणं हे बऱ्याचदा तेलापेक्षाही वाईट ठरतं. काही ठिकाणी काहीही न करणं, नुसती नोंद ठेवणं, हाच उपाय असतो.

"पण मामा," ती म्हणाली, "रॉकेल लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? किनाऱ्यावर चालताना पायाला डांबर लागलं की आपण रॉकेलच लावतो. लहानपणापासून."

"हेच म्हणतेय मी. तुम्हाला पक्षी धुवायला कुणीही शिकवलं नव्हतं, तरी तुम्ही धुतलात. माझ्या तिसऱ्या दिवसावर फुली मारलीत तर पुढच्या वेळी दुसरा कुणी वनरक्षक तेच करेल. माणसाच्या हातात माखलेला पक्षी आला की तो स्वस्थ बसत नाही. तेवढ्यासाठी शिकवायचं. बोळा खाली ठेवायला शिकवायचं."

मामांनी चष्मा काढला. मला वाटतं, त्या दुपारी तिनं मारलेला हा पहिला खरा घाव होता.

मग ती पक्ष्याच्या अंगाविषयी बोलली, आणि या विषयात ती बोलायला लागली की थांबवू नये. पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. प्रत्येक पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि खालच्या मऊ पिसांत ऊब टिकते. तेलानं ते आकडे सुटतात. तळहाताएवढा डाग पडला तरी तिथून पाणी थेट कातडीला भिडतं. पक्ष्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, चाळीस अंशांच्या आसपास. ते टिकवायला त्याला खावं लागतं, आणि भिजलेला पक्षी पाण्यात उतरून खाऊ शकत नाही. तो काठावर उभा राहून चोचीनं पिसं साफ करतो, म्हणजे तेल गिळतो. आतडी सोलवटतात, रक्त कमी होतं, अंगातलं पाणी संपतं. आपण त्याला पकडतो तेव्हा तो घाणेरडा दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं याचा रोग घाण हाच. त्याचा रोग थंडी, भूक आणि तहान हा असतो.

"म्हणून पहिल्या रात्री त्याला पाणी दाखवायचंच नाही," ती म्हणाली. "हवा खेळेल असं पुठ्ठ्याचं खोकं, खाली कोरडं फडकं, अंधार, ऊब, शांतता. जमल्यास नळीनं पोटात क्षारयुक्त पाणी, तेही शिकलेल्या माणसानं. एक-दोन दिवसांनी तो सावरला, डोकं ताठ धरू लागला, रक्त बरं निघालं, तरच धुवायचं. तुमचा बगळा तेलानं नाही मेला, मामा. नळाखालच्या थंड पाण्यानं आणि रॉकेलनं मेला."

हे ऐकून मामांचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. ती असं बोलायला कचरली नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं, पंधरा वर्षांत कुणीतरी हे त्यांना सांगायला हवं होतं.

पण मामा मुद्दा सोडणारे नव्हते. "बरं, धुवायचं. किती पाणी लागतं?"

"मोठ्या पक्ष्याला शेकडो लिटर. चाळीस अंशांचं कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड घातलेलं, टब बदलत बदलत. मग फवाऱ्यानं साबणाचा शेवटचा कण निघेपर्यंत."

"एप्रिलमध्ये आमच्या आळीला टँकर येतो. आणि ते काळं पाणी कुठं सोडणार? पुन्हा खाडीतच?"

"नाही. टाकीत साठवायचं आणि धोकादायक कचरा म्हणून द्यायचं."

"हे सगळं चौकीत होणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

"चौकीत नाहीच करायचं. जिल्ह्यात एक जागा आधी ठरवून ठेवायची. टाकी, गरम पाणी, वीज, सगळं. वनरक्षकाचं काम खोक्यापर्यंत. पण खोक्यानंतर काय होतं हे त्यानं पाहिलेलं असावं, स्वतःच्या हातानं एकदा केलेलं असावं. नाहीतर त्याला खोक्याची किंमत कळत नाही."

मामांनी मग तो प्रश्न विचारला जो या क्षेत्रातले लोक एकमेकांना नेहमी विचारतात. धुऊन सोडलेले जगतात किती? तिनं लपवलं नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कडी घालून सोडलेल्या पक्ष्यांचा हिशेब कुणीतरी मांडला, तेव्हा समुद्रात बुडी मारणारे बरेचसे पक्षी सोडल्यानंतर काही दिवसांतच मेल्याचं दिसलं. जर्मनीतल्या एका जीवशास्त्रज्ञ बाईंनी 2010 मध्ये उघड सांगितलं की अशा पक्ष्यांना धुण्यापेक्षा वेदना न होता मारावं.

"बघ," मामा म्हणाले.

"आता दुसरी बाजू ऐका." आणि तिनं दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगितली. ती ऐकताना मामा पहिल्यांदा पुढं सरकून बसले.

केपटाऊनजवळ रॉबेन आणि डॅसेन अशी दोन बेटं आहेत, पेंग्विनांची. जून 1994 मध्ये तिथं 'अपोलो सी' नावाचं जहाज बुडालं. सुमारे दहा हजार माखलेले पेंग्विन गोळा केले आणि त्यातले जवळपास अर्धे मेले. पुष्कळसे तर नेताना मेले, कारण गाड्यांत हवा खेळत नव्हती. ही शरम तिथल्या लोकांनी विसरू दिली नाही. खोकी कशी असावीत, एका खोक्यात किती पक्षी, गाडी किती वेळानं थांबवायची, कुणाला कुठं उभं करायचं, सगळं लिहून काढलं, शिकवलं. सहा वर्षांनी, 23 जून 2000 रोजी, त्याच दोन बेटांच्या मधे 'ट्रेझर' बुडालं. या वेळी सुमारे 19,000 पेंग्विन माखले, म्हणजे जवळपास दुप्पट. पण 'सॅनकॉब' ही संस्था 1968 पासून याच कामात होती, आणि आता तिच्या हाताशी शिकलेली माणसं होती. हजारो स्वयंसेवक आले, आणि शिकलेल्यांनी त्यांना कामाला लावलं. नव्वद टक्क्यांच्या आसपास पक्षी परत समुद्रात गेले.

"तेच पक्षी, तीच बेटं," ती म्हणाली. "सहा वर्षांत फरक पडला तो शिकण्यामुळे."

मामा म्हणाले, "पेंग्विन दणकट. रोहित पक्ष्याचे पाय पाहिलेस का?"

"पाहिलेत. म्हणून तर दुसरा दिवस ठेवलाय." लांब पायांचा पक्षी पळवून पळवून पकडला की त्याचे स्नायूच जळतात. दोन दिवसांनी पाय लुळे पडतात आणि पक्षी मरतो, अंगावर एकही जखम नसताना. म्हणून पाठलाग करायचा नाही. पकडला तर धड काखेत, पंख अंगाशी, मान मोकळी, पाय दुमडून फार वेळ ठेवायचे नाहीत. हे सगळं तिनं दारातली छत्री काखेत धरून दाखवलं. छत्रीची मूठ म्हणजे मान. मामांनी छत्री तिच्याकडून घेतली, दोनदा धरून पाहिली आणि काही न बोलता भिंतीला टेकवून ठेवली.

"पण तुझ्या गोष्टीतला मोठा आकडा तू सांगितलाच नाहीस," ते थोड्या वेळानं म्हणाले. "माखले नव्हते त्यांचं काय झालं?"

ती हसली. त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं. ट्रेझरच्या वेळी सुमारे 19,500 स्वच्छ पेंग्विन तेल पोचायच्या आधीच उचलले आणि ट्रकांनी सुमारे 800 किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले. ते पोहत घरी परत आले. यायला दोन-तीन आठवडे लागले, आणि तेवढ्यात बेटांभोवतीचं तेल साफ झालं होतं. त्यातल्या तिघांवर उपग्रहाचं यंत्र बसवलं होतं, आणि सगळा देश पीटर, पामेला आणि पर्सी कुठवर आले ते रोज बघत होता.

"हे शिकव," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "हे आमच्या पोरांना येतं. वेळासला, दिवेआगरला कासवाचं घरटं सापडलं की अंडी रातोरात हलवतात, एकही न फुटू देता. तेल दोन दिवसांवर आहे असं कळलं तर घरटी हलवता येतील. किनारा साफ करायला कुणी जेसीबी घेऊन आला तर त्याच्यापुढे उभं राहता येईल, की बाबा, याखाली अंडी आहेत. पाणजेच्या पाणथळीत भरती कुठून शिरते ते तिथल्या वनरक्षकाला माहीत असतं. तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याला नसतं. तेल अडवायचे तरंगते बूम दोनच असतील तर ते कुठल्या दोन खाड्यांच्या तोंडाला लावायचे, हे कोण सांगणार?"

यात मामांचं म्हणणं कागदावरही खरं आहे. समुद्रातल्या तेलाची जबाबदारी राष्ट्रीय आराखड्यानुसार तटरक्षक दलाकडे आहे, 700 टनांपर्यंतची गळती बंदरानं आणि तेल हाताळणाऱ्यांनी स्वतः आवरायची असते, आणि किनाऱ्याला लागलेलं तेल हे राज्याचं, जिल्हा प्रशासनाचं काम. या तीन हातांच्या मधोमध पक्षी, कासव आणि तिवर सापडतात. तिथं बोलायला कुणी हवं, आणि त्याच्या हातात आधीच तयार केलेला नकाशा हवा. माझ्या मते अभ्यासक्रमाचा अर्धा वेळ याच नकाशाला द्यायला हवा. बहिणीनं तो तेव्हा दिलेला नव्हता. नंतर दिला.

रसायनांवर मात्र मामा पूर्ण कोरे होते, आणि त्यांनी ते कबूल केलं. तिनं केरळची आठवण काढली. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' बुडालं. त्याच्यावर 640 कंटेनर होते, टाक्यांत 367 टन फर्नेस ऑइल आणि 84 टन डिझेल. काही दिवसांत कंटेनर किनाऱ्याला लागू लागले, प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे वाळूवर पसरले.

"आणि बारा कंटेनरांत कॅल्शियम कार्बाईड."

"कार्बाईड?" मामा सरळ बसले. "आंब्याच्या पेटीतलं?"

"तेच. पुडी करून पेंढ्यात ठेवतात ते. तिला ओल लागली की जो वायू सुटतो त्यानं आंबा पिवळा होतो. वेल्डिंगवाले जाळतात तोच वायू. आता पुडीऐवजी कंटेनरभर माल समजा, आणि ओलीऐवजी समुद्र."

मामांनी उगाच समोरच्या पाण्याकडे पाहिलं. या बंदरातून रोज किती कंटेनर जातात ते मोऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"सकाळी सहाला गस्तीवरच्या वनरक्षकाला पुळणीवर कंटेनर दिसला," ती म्हणाली. "तो काय करेल?"

"जवळ जाईल. ठोकून बघेल. फोटो काढेल."

"आणि विडी पेटवेल."

कुणीच काही बोललं नाही. तिनं कागदाची मागची बाजू घेऊन एक तिरका चौकोन काढला, आत ज्योत. "हा निळा असला तर अर्थ, भिजलं की पेटणारा वायू सुटतो. असे आठ-दहा चौकोन ओळखता आले पाहिजेत. बाजूला चार आकडे असतात. कार्बाईडचे 1402. ते लांबून, दुर्बिणीतून वाचायचे आणि फोनवर सांगायचे. तटरक्षक दल 1554, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष 1077. त्यापुढं लोकांना लांब ठेवायचं, एवढंच."

"वास आला तर?"

"वासावर भरवसा ठेवायचा नाही. कच्च्या तेलातून कधी कधी सडक्या अंड्यांसारखा वास येणारा वायू सुटतो. थोडा असला तर नाकाला कळतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं गेला, आणि तो आणखी आत जातो." ती थांबली. "मामा, कोळी होडी काढण्याआधी काय बघतो?"

"वारा."

"पहिल्या दिवसाचा पहिला तास तोच आहे. वारा पाठीवर घेऊन जायचं. वारा तोंडावर येत असेल तर जायचंच नाही. पक्षी डोळ्यांसमोर मरत असला तरी नाही. मुठीतली वाळू सोडून वारा कुठून येतोय ते बघायचं, मग पाऊल."

मामांनी पहिल्या पानावर तिनं छापलेलं 'सुरक्षिततेची तत्त्वे' हे शीर्षक खोडलं आणि वर पेनानं लिहिलं, 'आधी वारा बघायचा'.

त्यानंतर ते जे बोलले ते माझ्या मनात अजून घोळतंय. "तू तीन दिवस शिकवशील. चांगलं शिकवशील. तीन वर्षांनी त्या पोराची बदली गडचिरोलीला. त्याच्या जागी येईल त्यानं समुद्र सिनेमात पाहिलेला. आणि तेल तेव्हाच येईल. इथं कायम कोण राहतो? करंजाचा कोळी राहतो. खाडीत चिंबोऱ्या धरणाऱ्या बाया राहतात. तेल आलेलं सगळ्यात आधी त्यांच्या जाळ्याला कळतं. त्यांना शिकव."

"वन्यजीव कायदा, मामा. रोहित पक्ष्याला हात लावायचा अधिकार त्यांना नाही. उद्या कोळ्यानं खोक्यात पक्षी ठेवला तर गुन्हा त्याच्यावरच."

"मग हात नको लावू देत. बघू दे, कळवू दे, लोकांना अडवू दे. पण आपण त्यांना बोलावतो कधी? तेल उपसायला. चेन्नईला काय झालं?"

जानेवारी 2017 मध्ये एन्नोरजवळ दोन जहाजं धडकली, तेव्हा खडकांवरून जाड काळं तेल लोक बादल्यांनी उपसत होते. ती छायाचित्रं सगळ्या देशानं पाहिली. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात एन्नोरच्याच खाडीत तेल पसरलं, आणि पुन्हा तिथले कोळीच होड्या घेऊन ते काढत होते, सुरुवातीला तर धड हातमोजेसुद्धा नसताना. छाती काळी झालेले पेलिकन त्याच खाडीवर उडत होते. उडता येत असल्यामुळे ते हाती लागत नव्हते, आणि तेल अंगावर घेऊनच हिंडत होते. सहा वर्षांत केपटाऊनला जे बदललं ते एन्नोरला सहा वर्षांत बदललं नाही. याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पेलिकनची काळजी घेणाऱ्यांनी त्याच पाण्यात कमरेपर्यंत उभ्या असलेल्या माणसाची त्वचा, त्याचा श्वास हा आपला विषय नाही असं समजणं मला मान्य नाही.

बहिणीनंही ते मानलं. पण तिनं एक अट घातली. "कोळ्यांना बोलावते. पण रोजंदारी आणि हातमोजे, मास्क, गमबूट आधी. त्याशिवाय त्यांना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र देणं म्हणजे त्यांच्या गळ्यात काम बांधणं."

"लिही तसं," मामा म्हणाले.

एकाच गोष्टीवर त्यांचं जमलं नाही. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी तिनं एक तास ठेवला होता, जो पक्षी वाचणार नाही त्याला कसं सोडवायचं याचा. म्हणजे दयामरण. वन्यजीव कायद्याच्या 11 व्या कलमानुसार पहिल्या अनुसूचीतला प्राणी बरा होण्यापलीकडे गेला असेल तर त्याला मारता येतं, पण मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशानंच. रात्री दहा वाजता, पंखाखाली कातडी जळालेला पक्षी समोर असताना तो आदेश कुठून आणायचा? तिचं म्हणणं, गळतीच्या पहिल्याच दिवशी पशुवैद्याच्या नावानं तो काढून ठेवावा, आणि वनरक्षकाला निदान हे सांगावं की सगळेच वाचणार नाहीत, त्यात त्याचा दोष नाही.

"मी त्या बगळ्यापाशी रात्रभर बसलो होतो," मामा म्हणाले. "कुणी येऊन त्याला संपवलं असतं तर मी त्या माणसाला मारलं असतं."

"तो किती वेळ तडफडला?"

"पहाटेपर्यंत."

ती पुढं काही बोलली नाही. तो तास तिनं कागदावर तसाच ठेवला, आणि मामांनीही त्यावर फुली मारली नाही.

उन्हं उतरल्यावर तिनं पिशवीतून बदकाची पिसं काढली. प्रशिक्षणात प्रत्येकाला एकेक पीस द्यायचं, असं तिनं ठरवलंय. शेजारच्या होडीवाल्याकडून इंजिनाचं जळकं तेल वाटीत आणलं. आधी कोरड्या पिसावर पाण्याचा थेंब टाकला. तो मोत्यासारखा गोल होऊन घरंगळला. मग पीस तेलात बुडवलं. त्याचे तंतू चिकटून त्याची ओल्या शेपटीसारखी बट झाली. मामांनी कोमट पाण्यात लिक्विड घातलं आणि अंगठ्यानं ते चोळायला घेतलं.

"उलटं नको," ती म्हणाली. "देठाकडून टोकाकडे. आणि चोळायचं नाही. पाणीच त्यातून ढकलायचं."

तीन वाट्या पाणी काळं झालं. चौथी करडी झाली. पाचव्या वाटीत पीस उघडलं, एकेक तंतू सुटा झाला. मामांनी ते फडक्यावर ठेवलं, पदराखालच्या दिव्यासारखं हातानं वाऱ्यापासून आडोसा करून, आणि सुकेपर्यंत त्याच्याकडेच बघत बसले. मग बोटानं पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. थेंब पसरला आणि आत जिरला.

"अजून साबण आहे त्यात," ती म्हणाली.

मामांनी पीस उचललं आणि पुन्हा पाण्याखाली धरलं.